केळीच्या सुतळीचा परवाना: चोपडा तालुक्यातल्या एका उद्योजकाचं नेदरलँड्स प्रकरण

नेदरलँड्समध्ये बीव्ही, म्हणजे आपल्याकडच्या प्रायव्हेट लिमिटेडच्या धर्तीवरची कंपनी, एका युरो-सेंटच्या भांडवलावर काढता येते. पूर्वी १८ हजार युरो लागायचे, ऑक्टोबर २०१२ पासून ती अट गेली. ही माहिती शंभर टक्के खरी आहे. तरीही हीच माहिती दाखवून एका एजंटाने चोपडा तालुक्यातल्या एका घराकडून काही लाख रुपये काढले, कारण तिच्यापुढचं वाक्य त्याने सांगितलंच नाही: कंपनी काढायला परवानगी लागत नाही, पण त्या कंपनीत बसून काम करायला लागते.

मी जळगावात करसल्लागाराचं काम करतो. माझ्याकडे हे प्रकरण पैशाच्या बाजूने आलं आणि पुढे सगळीच फाईल माझ्या टेबलावर साठत गेली. नावं लिहीत नाही. अर्जदाराला धाकटे पाटील म्हणू आणि त्यांच्या वडिलांना आबा, गावात त्यांना तसंच म्हणतात.

तापीच्या काठाला केळीची बाग, शिवाय केळीच्या खोडापासून धागा काढणारं छोटं युनिट. केळीचा घड उतरवला की खोड शेतकऱ्याच्या डोक्याला ताप होतं. ट्रॅक्टर लावून ते बांधावर नेऊन टाकायचं, त्याचीही मजुरी मोजायची. धाकटे पाटील ती खोडं उचलायचे, सोपटं सोलून यंत्रात घालायचे. शंभर किलो ओल्या खोडातून जेमतेम किलोभर सुका धागा हाती लागतो, त्यामुळे धागा म्हणून विकण्यात फारसा दम नाही. सुतळी, दोर, चटई असं काहीतरी करूनच विकावं लागतं. त्यांनी सुतळी धरली.

सुतळीचा आणि नेदरलँड्सचा संबंध टोमॅटोमुळे येतो. तिथे वेस्टलँड भागात काचगृहांमध्ये टोमॅटोचं वेल वर टांगलेल्या दोरीवर चढवतात. डिसेंबर-जानेवारीत लागवड, नोव्हेंबरपर्यंत तोडणी. वेल दहा-बारा मीटर लांब होतो, म्हणून आकड्यावर गुंडाळलेली दोरी थोडी थोडी सोडत वेल खाली घेत राहतात. ही दोरी बहुतेक ठिकाणी प्लास्टिकची असते. हंगाम संपला की वेल, पानं, दोरी, क्लिपा असा सगळा गुंता एकत्र निघतो आणि त्याचं खत करायचं तर आधी प्लास्टिक वेगळं करावं लागतं. कुजणारी दोरी तिथल्या शेतकऱ्यांना हवी आहे, पण तिने अकरा महिने दमट हवेत वेलाचं ओझं पेलायला हवं आणि त्यानंतरच कुजायला हवं. आधी नाही.

प्रश्न असा नेमका होता. तो परवान्याच्या कागदावर मात्र पहिल्या खेपेला उमटलाच नाही.

दुबईची सवय

एजंटावर सगळं खापर फोडून मोकळं होता येईल. पण आपल्या भागातल्या माणसाला ही थाप पटते कशी, हे पाहिलं पाहिजे. जळगावचा सराफा आणि दुबई यांचं नातं जुनं आहे. घराघरात कुणीतरी तिकडे आहे. दुबईच्या फ्री झोनमध्ये लायसन काढलं की त्याच्या पाठोपाठ भागीदार म्हणून दोन वर्षांचा रेसिडेन्स व्हिसा मिळतो. तिथे कंपनी आणि राहण्याचा हक्क एकाच गाठोड्यात येतात. त्यामुळे खानदेशात ‘बाहेर कंपनी काढली’ याचा अर्थ ‘बाहेर राहायची सोय झाली’ असाच घेतला जातो.

युरोपात तसं नाही. नेदरलँड्समध्ये कंपनीची नोंद नोटरी आणि केव्हीके, म्हणजे तिथलं व्यापार नोंदणी कार्यालय, यांच्याकडे होते. राहण्याचा परवाना आयएनडी हे इमिग्रेशन खातं देतं. केव्हीकेला तुमच्या व्हिसाशी देणंघेणं नाही आणि आयएनडीच्या दृष्टीने केव्हीकेची नोंद हा फाईलमधला एक कागद. एजंटाने बीव्ही काढून दिली, पत्ता म्हणून भाड्याचं व्हर्च्युअल ऑफिस दिलं आणि सोबत शेंगेनचा बिझनेस व्हिसा करून दिला. ‘पुढचं तिकडे गेल्यावर होतं,’ असं सांगून तो मोकळा झाला.

शेंगेनच्या छोट्या व्हिसावर कोणत्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहता येतं. प्रदर्शन बघा, गिऱ्हाईकाला भेटा, करार करा, हे चालतं. तिथे बसून धंदा चालवणं चालत नाही. धाकटे पाटील त्या व्हिसावर गेले, ॲमस्टरडॅमचं ग्रीनटेक प्रदर्शन पाहिलं, वेस्टलँडमधल्या दोन-तीन उत्पादकांना सुतळीचे नमुने दिले आणि मुदतीत परतले. एजंट ‘थांबा, काही होत नाही’ म्हणत होता. मुदत ओलांडली असती तर पुढच्या प्रत्येक अर्जात त्याचा जाब द्यावा लागला असता. या सगळ्या प्रकरणात त्यांनी सर्वांत शहाणपणाचं काय केलं, असं विचारलं तर मी या परतण्याकडे बोट दाखवीन.

कुठले रस्ते होते

माझ्याकडे आले तेव्हा त्यांच्या मोबाईलमध्ये यूट्यूबचे पुष्कळ व्हिडिओ साठवलेले होते. एकात एक गोरे गृहस्थ सांगत होते की कंपनीच्या खात्यात साडेचार हजार युरो ठेवले आणि नेदरलँड्सचा उद्योजक परवाना मिळाला. तेही खरंच बोलत होते. अमेरिका आणि नेदरलँड्स यांच्यात १९५६ चा मैत्री करार आहे आणि त्याखाली अमेरिकन नागरिकांना ही सवलत मिळते. भारतीयाला नाही. परदेशी परवान्यांच्या व्हिडिओत बोलणाऱ्याचा पासपोर्ट कोणता आहे ते आधी बघावं, मग लाईक करावं. अमेरिकेच्या ई-२ गुंतवणूकदार व्हिसाचंही असंच. त्यासाठी करार लागतो, तो भारताशी नाही, त्यामुळे कितीही पैसे दाखवले तरी ते दार आपल्याला बंद. एस्टोनियाची ई-रेसिडेन्सी २०१४ च्या डिसेंबरपासून सुरू आहे. नावात रेसिडेन्सी असली तरी ती फक्त डिजिटल ओळखपत्र देते, तिच्यावर एक रात्रही तिथे राहता येत नाही.

जर्मनीचा विचार खरोखर झाला. तिथल्या निवास कायद्याच्या कलम २१ खाली स्वतःच्या धंद्यासाठी परवाना मिळतो. पूर्वी अडीच लाख युरोची अट होती, ती २०१२ मध्ये काढली. आता धंद्याची त्या भागाला गरज आहे का, भांडवलाची सोय पक्की आहे का, हे पाहतात आणि स्थानिक व्यापारी मंडळाचं मत घेतात. रस्ता वाईट नव्हता. पण धाकट्या पाटलांची गिऱ्हाईकं वेस्टलँडच्या काचगृहांत, चाचणी तिथेच व्हायची. केवळ परवाना सोपा वाटतो म्हणून धंदा दुसऱ्या देशात नेणं मला पटलं नाही.

नेदरलँड्समध्ये दोन वाटा होत्या. एक, स्वयंरोजगाराचा नेहमीचा परवाना. त्यात गुणांची पद्धत आहे: अर्जदाराचा अनुभव, बिझनेस प्लॅन आणि देशाच्या अर्थव्यवस्थेला होणारा फायदा, प्रत्येकी १०० असे ३०० गुण. किमान ९० हवेत आणि प्रत्येक भागात किमान ३०. डच बाजारात अजून एक रुपयाची विक्री नसलेल्या माणसाला तिसऱ्या भागात गुण मिळवणं अवघड. दुसरी वाट स्टार्टअप परवान्याची, १ जानेवारी २०१५ पासूनची. मुदत एकच वर्ष, वाढवून मिळत नाही. वर्षानंतर स्वयंरोजगाराच्या परवान्यात जायचं. या वाटेवर एक मान्यताप्राप्त डच मार्गदर्शक लागतो, तिथे त्याला फॅसिलिटेटर म्हणतात. त्यांची यादी आरव्हीओ हे सरकारी उद्योग खातं जाहीर करतं. तो मार्गदर्शक तुमचा जवळचा नातेवाईक चालत नाही, तुमच्या कंपनीत त्याचा बहुमताचा हिस्सा चालत नाही आणि त्याची स्वतःची आर्थिक तब्येत ठीक हवी. अर्ज आयएनडीकडे जातो, धंद्याबद्दलचं मत आरव्हीओ देतं.

पहिली फाईल

पहिला अर्ज नामंजूर झाला. ती फाईल मी नंतर सावकाश वाचली आणि मला नकाराचं नवल वाटलं नाही.

फाईल देखणी होती. खानदेशातलं केळीचं क्षेत्र, जळगाव केळीला २०१६ मध्ये मिळालेलं भौगोलिक मानांकन, बायकांना मिळणारा रोजगार, खोडांचे फोटो. धाग्याची ताकद किती, याचा प्रयोगशाळेचा रिपोर्ट. पाच वर्षांचा विक्रीचा तक्ता, प्रत्येक वर्षी चढता. मार्गदर्शकाशी करारही होता, पण तो एका पानाचा: महिन्यातून एक बैठक, ठरलेली फी. मार्गदर्शक सामान्य सल्लागार होता, शेतीतला नव्हता.

आता ही फाईल तिथल्या अधिकाऱ्याच्या खुर्चीत बसून वाचा. माल भारतात बनणार, जहाजाने येणार, इथे गोदामातून विकला जाणार. मग हा गृहस्थ इथे येऊन राहायला कशाला हवा? आयातदार नेमा, माल पाठवा. स्टार्टअप परवान्याच्या निकषांत स्पष्ट आहे की उत्पादन किंवा सेवा नावीन्याची हवी आणि अर्जदाराची भूमिका नुसत्या भागधारकाची किंवा पैसे लावणाऱ्याची नको, प्रत्यक्ष कामाची हवी. आमच्या फाईलीत केळी उत्तम होती, जळगाव उत्तम होतं. नेदरलँड्समध्ये काय घडणार, याला पाव पान दिलेलं होतं.

प्रयोगशाळेचा रिपोर्टही अंगावर आला. तो कोरड्या धाग्याचा होता. काचगृहात कोरडं काही नसतं. वेस्टलँडच्या ज्या उत्पादकाला नमुने दिले होते, त्याने एक तुकडा परत पाठवला होता. मी तो हातात घेऊन पाहिला. मधली सुतळी धडधाकट होती. पीळ उलगडला होता तो जिथे सुतळी लोखंडी आकड्यावरून वळते तिथे, बोटभर जागेत. दोरी सोडायला आकडा फिरवला की दरवेळी तिथेच घासायची, ओली असताना घासायची, आणि तिथेच तुटली. पाटलांनी हा तुकडा लाजून बाजूला ठेवला होता. अर्जात त्याचा उल्लेख नव्हता.

माझ्या मते अख्ख्या प्रकरणात त्यांच्या बाजूचा सर्वांत भक्कम पुरावा तोच तुटका तुकडा होता. ती अडचण चोपड्यात बसून सुटणारी नव्हती. एक पूर्ण हंगाम, तिथल्या काचगृहात, तिथल्या आकड्यावर, तिथल्या वेलाखाली सुतळी लावून दर आठवड्याला बघायला लागणार होतं. बघणारा माणूस तोच हवा जो पीळ आणि लेप बदलू शकतो.

नकाराविरुद्ध हरकत घ्यायला ४ आठवडे असतात. घरच्यांचं म्हणणं होतं, हरकत घ्यावी, पुन्हा फी कशाला भरायची? तिथल्या वकिलाचं मत उलट होतं आणि मलाही तेच रास्त वाटलं. हरकतीत आधीचा निर्णय चुकला, हे दाखवावं लागतं. निर्णय चुकला नव्हता, फाईल चुकली होती. नवा अर्ज करायचं ठरलं.

दुसरी फाईल

या वेळी मार्गदर्शक निवडायला वेळ दिला. बागायती तंत्रज्ञानातलाच, ज्याच्या ओळखीत काचगृहवाले आहेत असा. त्याने फीबरोबर कंपनीत छोटा हिस्सा मागितला. आबांना ते रुचलं नाही. ‘घरात परका भागीदार कशाला?’ पण हिस्सा मागणाऱ्या मार्गदर्शकाला तुमचा धंदा चालावा असं वाटतं, फी घेणाऱ्याला फक्त फी वेळेवर यावी असं वाटतं. हिस्सा दिला, बहुमतापासून कितीतरी लांबचा.

करारात कामं नेमकी लिहिली: चाचणीसाठी काचगृह मिळवून देणं, मोजमापाची पद्धत ठरवणं, हंगामानंतर पहिल्या गिऱ्हाईकांशी बोलणी. टप्प्यांच्या योजनेत विक्रीचा चढता तक्ता काढून टाकला. त्याजागी महिन्यांचं वेळापत्रक आलं: लागवडीच्या वेळी तीन प्रकारच्या लेपांची सुतळी, कुठल्या महिन्यात काय मोजायचं, किती सुतळ्या तुटल्या तर कुठला लेप सोडून द्यायचा, हंगामाच्या शेवटी वेलासकट कुजवून पाहायचं. तुटक्या तुकड्याचा फोटो पहिल्याच पानांत घेतला आणि खाली कारण लिहिलं. केळीच्या क्षेत्राला दोन परिच्छेद उरले.

उदरनिर्वाहाची अट पैशाची आहे, पण लोक समजतात तेवढी मोठी नाही. आयएनडी दर सहा महिन्यांनी किमान रक्कम जाहीर करतं, तेवढी वर्षभरासाठी तुमच्याकडे आहे किंवा दुसरं कुणी द्यायला बांधलेलं आहे, हे दाखवायचं. अडचण रकमेची नव्हती, तिच्या वाटेची होती. शेतकरी घराच्या खात्यात पैसा हप्त्याने येत नाही. केळीचा व्यापारी एकदम रक्कम टाकतो, मग महिनोन्‌महिने शांतता. परक्या देशातल्या माणसाला ते पासबुक संशयास्पद दिसतं. म्हणून व्यापाऱ्याच्या पावत्या, सातबारा, शेतीचं उत्पन्न दाखवलेली विवरणपत्रं आणि आबांनी मुलाला दिलेल्या रकमेचं बक्षीसपत्र असा एकामागे एक दाखला लावला. वडिलांकडून मुलाला मिळालेल्या बक्षिसावर आपल्याकडे आयकर नाही, तेही एका ओळीत लिहिलं.

नंतर कागदपत्रांचा जो त्रास झाला तो परदेशाचा नव्हताच. तिथे पोचल्यावर नगरपालिकेत नोंद करताना जन्मदाखला मागतात, तोही अपोस्टिल केलेला, म्हणजे परदेशात चालावा म्हणून सरकारने खरेपणाचा शिक्का मारलेला. धाकट्या पाटलांची जन्मनोंद ग्रामपंचायतीच्या जुन्या रजिस्टरात सापडली, पण नावाच्या रकान्यात काहीच नव्हतं. लिंग पुरुष, वडिलांचं नाव, आईचं नाव, तारीख, आणि बाळाचं नाव कोरं. त्या काळी नोंद बाराव्या दिवसाआधी व्हायची आणि नंतर नाव घालायला कुणी जायचं नाही. आपल्याकडे अशी रजिस्टरं गावोगाव आहेत. शाळा सोडल्याचा दाखला, आईवडिलांचं प्रतिज्ञापत्र देऊन नाव चढवलं, मग नव्या नमुन्यातला दाखला, मग राज्य पातळीवरचं साक्षांकन, मग परराष्ट्र मंत्रालयाचं अपोस्टिल. भारत अपोस्टिल करारात २००५ पासून आहे, त्यामुळे वकिलातीच्या वेगळ्या शिक्क्याची गरज उरत नाही. लग्नाच्या नोंदीतही बायकोचं नाव माहेरचं आणि पासपोर्टात सासरचं. तिची फाईल त्यामुळे मागाहून गेली.

परदेशी जायचा नुसता विचार असेल तरी जन्मदाखला आजच काढून बघा. बाकी सगळ्या कागदांना पैसे टाकून वेग देता येतो, याला नाही.

पैसा कसा गेला

इथे माझं काम. निवासी भारतीयाला एलआरएस या रिझर्व्ह बँकेच्या योजनेखाली एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत बाहेर पाठवता येतात. परदेशी कंपनीतली गुंतवणूकही त्याच मर्यादेत मोजतात. आबा म्हणाले, माझीही मर्यादा वापरा. गुंतवणुकीसाठी ते चालत नाही. ज्याची मर्यादा वापरायची तो त्या कंपनीत भागीदार हवा. आबांना डच कंपनीत भागीदार व्हायचं नव्हतं. म्हणून त्यांनी मुलाला इथेच रुपयांत बक्षीस दिलं आणि मुलाने स्वतःच्या मर्यादेत पाठवलं.

ऑगस्ट २०२२ पासून परदेशी गुंतवणुकीचे नवे नियम आहेत. व्यक्तीला चालू धंदा असलेल्या परदेशी कंपनीत गुंतवता येतं, ती कंपनी वित्तीय व्यवसायातली नको आणि तिच्या पोटात आणखी उपकंपनी नको. पैसे जाण्याआधी बँकेमार्फत फॉर्म एफसी भरून रिझर्व्ह बँकेचा ओळख क्रमांक घ्यायचा आणि निवासी गुंतवणूकदाराने दरवर्षी ३१ डिसेंबरपर्यंत त्या कंपनीचा कामगिरी अहवाल द्यायचा. एजंटाने काढलेली बीव्ही याच ठिकाणी बोचली. ती बँकेला कळवलेलीच नव्हती. भांडवल किती किरकोळ होतं, हा मुद्दा इथे चालत नाही. उशिराचं शुल्क भरून नोंद नियमित करून घेतली आणि मगच पुढची रक्कम हलवली. आयएनडीला यातलं काही दिसलं नसतं. पण उद्या कंपनी चालली आणि नफा इकडे आणायचा म्हटलं की पहिला प्रश्न बँकच विचारते: गेला तेव्हा कसा गेला?

टीसीएसचं, म्हणजे पैसे बाहेर पाठवतानाच बँक आगाऊ कापते त्या कराचं, गणित सांगतो, कारण शेतकरी घराला ते जास्त लागतं. एप्रिल २०२५ पासून वर्षात १० लाखांपर्यंतच्या रकमेवर टीसीएस नाही, त्यावरच्या रकमेवर अशा कारणासाठी २० टक्के. समजा २५ लाख पाठवले, तर १५ लाखांवर ३ लाख बँक आधीच कापून घेते. हा कर बुडीत नाही, विवरणपत्रात वळता होतो. पण ज्याचं बहुतेक उत्पन्न शेतीचं आणि करमुक्त आहे त्याला वळता करायला करच नसतो. त्याला परताव्याची वाट बघत बसावं लागतं. ते तीन लाख पहिल्या वर्षाच्या खर्चातून धरायचेच नाहीत, असं मी पाटलांना सुरुवातीलाच सांगितलं आणि त्यांनी अंदाजपत्रक त्याप्रमाणे ओढून घेतलं.

एक खर्च त्यांच्या हिशेबात अजिबात नव्हता. डच नियमाने स्वतःच्या बीव्हीत काम करणाऱ्या मोठ्या भागधारकाने स्वतःला रीतसर पगार घ्यावा लागतो. २०२५ साठी त्याचा ठोकताळा ५६ हजार युरो होता. कंपनीला झेपत नसेल तर कमी पगाराचं कारण कर खात्याला दाखवता येतं, पण ते दाखवावं लागतं. एका सेंटमध्ये कंपनी निघते म्हणणाऱ्याने हा आकडाही त्याच दमात सांगायला हवा.

वावर

परवाना मंजूर झाला तेव्हा घरात पेढे वाटले आणि आबांनी मला बाजूला घेऊन विचारलं, ‘वावर जाई का?’

हा प्रश्न हसण्यावारी नेऊ नये. धंद्यासाठी देश सोडला की फेमा या परकीय चलनाच्या कायद्याच्या नजरेत माणूस अनिवासी होतो, त्यासाठी वर्ष मोजत बसायची गरज नाही. बचत खातं एनआरओ, म्हणजे अनिवासी भारतीयाचं खातं, करून घ्यावं लागतं. निवासी असताना नावावर असलेली शेतजमीन तशीच ठेवता येते आणि निवासी माणसाकडून वारसानेही घेता येते. मात्र अनिवासी असताना नवी शेतजमीन विकत घेता येत नाही. मी आबांना सांगितलं, आहे ते वावर कुठे जात नाही.

काही महिन्यांत बांधाला लागून असलेलं वावर विकायला निघालं. घरात वर्षानुवर्षं ज्यावर डोळा होता तेच. धाकट्या पाटलांनी तिकडून फोन करून विचारलं, माझ्या नावाने घेऊन टाकू का, मुखत्यारपत्र आहे ना आबांकडे? मुखत्यारपत्राने सही दुसऱ्याची चालते, पात्रता दुसऱ्याची चालत नाही. व्यवहार आबांच्या नावाने, आबांच्या पैशातून झाला. थोरल्या भावाची बायको यावर थोडी कुरकुरली म्हणतात, पण तो विषय माझ्या फाईलीतला नाही.

वर्षानंतर

तिकडचं वर्ष धावपळीचं गेलं. प्रवेशाचा एमव्हीव्ही स्टिकर पासपोर्टवर, पोचल्यावर नगरपालिकेत नोंद आणि बीएसएन हा तिथला व्यक्तिगत ओळख क्रमांक, भारतीयांना लागते ती क्षयरोगाची तपासणी, चार महिन्यांच्या आत आरोग्य विमा. बँक खातं एजंटाच्या काळात उघडत नव्हतं. बीएसएन आल्यावर उघडलं.

चाचणीत तीनपैकी एक लेप पहिल्या उन्हाळ्यातच बाद झाला. दुसरा टिकला, पण आकड्याजवळचा पीळ सैलावतच होता. पाटलांनी सबंध सुतळीचा पीळ न बदलता आकड्यावर गुंडाळली जाते तेवढ्या भागाला दुहेरी पीळ दिला आणि नोव्हेंबरात वेल उतरवले तेव्हा त्यातल्या बहुतेक सुतळ्या शाबूत होत्या. वेलाचं खत पूर्ण झालेलं पाहण्याआधीच परवान्याची मुदत आली.

स्टार्टअप परवाना वाढत नाही, म्हणून मुदत संपण्याआधी स्वयंरोजगाराच्या परवान्यासाठी अर्ज गेला. त्याला मार्गदर्शकाचं निवेदन लागतं की ठरल्याप्रमाणे काम झालं आणि धंदा पुढे जाण्याजोगा आहे. छोटा हिस्सा देऊन मार्गदर्शकाला बांधून घेतल्याचा उपयोग इथे झाला. त्याने गुळमुळीत पत्र दिलं नाही, चाचणीचे आकडे आणि दोन उत्पादकांची पुढच्या हंगामाची मागणी जोडून सविस्तर लिहिलं. त्यात बाद झालेला लेपही होता. परवाना मिळाला, दोन वर्षांचा.

आता नूतनीकरणाला योजना दाखवून भागणार नाही, धंद्यातून स्वतःचं पोट भरेल एवढी कमाई दिसावी लागेल. पाटलांनी विक्रीचा अंदाज मला पाठवला तेव्हा मी त्यातला पहिल्या वर्षाचा आकडा निम्मा करून परत पाठवला. चोपड्याच्या युनिटला दुहेरी पिळाचं यंत्र बसवायचं आहे, त्याच्या कर्जाची फाईल सध्या बँकेत पडून आहे.